अंगठा राहिला

आमच्या प्रयोगशाळेत स्फटिक वाढवतात. हे काम बघायला आलेले पाहुणे पाचव्या मिनिटाला जांभई दाबू लागतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. संस्थेच्या तळमजल्यावर, लांबट बोळाच्या टोकाला आमच्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत भट्टी. भट्टी म्हटलं की धूर आणि निखारे डोळ्यांपुढे येतात; आमची भट्टी म्हणजे आरशांची पेटी. चार दिवे, वाटीसारखे चार आरसे, आणि चौघांचा उजेड मधोमध एका बिंदूवर. त्या बिंदूत वरून एक काळी कांडी उतरते आणि वितळते. वितळलेला थेंब वरच्या आणि खालच्या टोकाला धरून तसाच राहतो, पडत नाही. कांडी ताशी एक मिलिमीटर खाली सरकवायची. थेंबाच्या पोटाखाली स्फटिक गोठत जातो. तीन दिवसांत बोटाएवढा.

हा स्फटिक थरांचा. कोबाल्ट आणि ऑक्सिजनचा एक पत्रा, त्यावर सोडियमचा विरळ थर, पुन्हा पत्रा, पुन्हा सोडियम, असे कोट्यवधी. पत्रे घरमालकासारखे ठाम बसलेले. सोडियम भाडेकरू, आज या कोपऱ्यात, उद्या त्या, जरा उष्णता वाढली की बोचकं बांधून निघाला. अशा स्फटिकाचं एक टोक ऊबदार आणि दुसरं गार ठेवलं की दोन टोकांमध्ये वीज जागी होते. फार नाही. तापमानातल्या एका अंशाच्या फरकाला व्होल्टचा दहा हजारावा भाग, वर थोडी चिमूट. पण जगभरच्या धुराड्यांमधून जी ऊब फुकट जाते तिची वीज करता येईल, या आशेवर आमच्या खोल्यांचे दिवे चालू आहेत.

ती भट्टी एकतीस वर्षं माझ्या बाबांनी सांभाळली.

मी शिकून, बाहेर फिरून, इथेच शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि पुढे विभागाची प्रमुख झाले. पहिल्याच दिवशी बाबांनी सगळ्यांसमोर मला ‘बाईसाहेब’ म्हटलं आणि ती थट्टा मग कधी उतरवलीच नाही. घरी पोरी, प्रयोगशाळेत बाईसाहेब. मधल्या बसप्रवासात काहीच नाही; तिथे ते खिडकीशी बसून गुणगुणत असायचे.

बाबांची एक रीत होती. नवा स्फटिक भट्टीतून निघाला, त्याला दोन टोकांना दोन तारा चिकटवल्या, तारा कागदावर रेघ ओढणाऱ्या जुन्या यंत्राला जोडल्या, की बाबा स्फटिकाच्या अलीकडच्या टोकाला आपला उजवा अंगठा लावायचे. अंगठ्याची ऊब त्या टोकाला लागली की यंत्राचं पेन कागदावर उजवीकडे सरकायचं. बाबा तसाच अंगठा धरून दोन ओळी म्हणायचे. चाल त्यांच्या आईची, शब्द त्यांचे.

थर चढे थरावर, जसा दीस दिसावरी,
ऊब माझ्या अंगठ्याची, जाऊ दे गं पैलतीरी.

पहिल्या ओळीनंतर श्वास. श्वास घेताना अंगठा किंचित सैल पडायचा आणि पेन जरासं खाली यायचं. दुसऱ्या ओळीला पुन्हा वर. मग अंगठा उचलायचे, पेन सावकाश मधल्या शून्याच्या रेघेवर परतायचं, आणि बाबा म्हणायचे, “जिवंत आहे.” नोंदवहीत त्यांनी स्वतःच एक रकाना आखला होता, ‘अंगठा’ नावाचा. त्यात बरोबरची खूण. एकतीस वर्षांच्या खुणा, एकाखाली एक. सगळी संस्था त्यांना प्रेमाने अंगठेबहाद्दर म्हणायची. “सही येते मला,” बाबा म्हणायचे, “पण स्फटिकाला वाचता येत नाही ना.”

मी ती रीत बंद केली.

कारण साधं होतं. घामात पाणी असतं, ते थरांच्या मध्ये शिरतं आणि सोडियमची घडी विसकटतं. हे मी मोजून दाखवलं. बाबांनी आलेख पाहिला, चष्मा काढला.

“बरं,” ते म्हणाले. “पण कुठली तार कुठल्या टोकाला लागली, हे तुला कसं कळणार?”

“खुणा असतात बाबा.”

“खुणा माणूस करतो,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून रकान्यात आडवी रेघ मारू लागले.

निवृत्तीला महिना उरला तेव्हा त्यांनी शेवटचा स्फटिक वाढवायला घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी, भट्टीच्या काळ्या काचेतून थेंबाकडे बघत, मान न वळवता त्यांनी विचारलं, “बाईसाहेब, या शेवटच्याला तरी लावू का?”

मी काहीतरी टाइप करत होते. “बघू,” म्हटलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बाबांनी नोंदवहीत लिहिलं, ‘स्फटिक सुटला.’ त्यानंतर शाईची रेघ पानाच्या तळापर्यंत घसरत गेली आहे. ते स्टुलावरून उजवीकडे कलले, आणि मी पोचेपर्यंत त्यांची उजवी बाजू गेली होती. वाचाही.

अंगठ्याचा रकाना कोरा राहिला. आडवी रेघसुद्धा नाही.

*

सहा आठवडे इस्पितळात, मग घरी. माझ्या आईने बाहेरच्या खोलीत पलंग हलवला, म्हणजे त्यांना येणारंजाणारं दिसेल. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची. येईल तेवढं येईल. बाबा बघायचे, ओळखायचे. उजवा हात चादरीवर ठेवला तसा राहायचा.

“हात नुसता गार आहे गं,” आई म्हणायची. “मी चोळते, चोळते, आणि माझेच हात गार होतात.”

मी कामावर परतले आणि बाबांचा स्फटिक कोरड्या पेटीतून काढला. मला तो नीट मोजायचा होता. त्यांच्या हातचा शेवटचा. तो उत्तम असणार याची मला खात्री होती, आणि तसं माझ्या नावाने नव्हे, त्यांच्या नावाने छापून यावं अशी इच्छा होती. जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली मी त्याला तारा चिकटवल्या. एक काळी, एक लाल. स्फटिक पोलादी डब्यात ठेवला, झाकण आवळलं, आतली हवा पंपाने काढून टाकली. डब्याला काचेची एक छोटी खिडकी आहे, चहाच्या बशीएवढी. बाकी सगळीकडून बंद.

असा स्फटिक लगेच तापवून मोजत नाहीत. आधी तीन आठवडे त्याला काहीही करायचं नाही. ऊब द्यायची नाही, गारवा द्यायचा नाही, दोन्ही टोकं बावीस अंशांवर, आणि पेन शून्याच्या रेघेवर चालत राहतं. ती रेघ कुठे कलते का एवढंच पाहायचं. आम्ही त्याला शून्य बघणं म्हणतो.

गुरुवारी शून्य बघायला सुरुवात केली. त्याच दिवशी रेघेवर एक उंचवटा आला. कुणी टेबलाला धक्का दिला असेल असं धरून मी पुढे गेले. शुक्रवारी तसाच उंचवटा, त्याच वेळी. अकरा वाजून दहा.

शनिवारी मी वेळेआधी जाऊन स्टूल ओढून बसले. खोलीत पंपाची घरघर, बाहेर बोळात झाडूचा आवाज. अकरा दहाला पेन उजवीकडे निघालं. चढलं, थांबलं. मग जरासं खाली आलं, पुन्हा वर गेलं, तिथे राहिलं, आणि सावकाश शून्यावर परतलं.

तो आकार मला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या आकाराच्या सावलीत मी लहानाची मोठी झाले. शाळा सुटल्यावर इथेच टेबलाखाली बसून अभ्यास करायचे आणि डोक्यावर तो आवाज असायचा. एक ओळ, श्वास, दुसरी ओळ.

मी घाबरले नाही. मापनाच्या धंद्यात माणूस आधी तारा तपासतो.

*

आमच्या दुसऱ्या खोलीतली यंत्रं जी सांभाळते तिला सगळे मीटरबाई म्हणतात. माझ्याच वयाची, बोलायला फटकळ, हाताने सोन्यासारखी. मी तिला कागद दाखवला, पण आकार कुणाचा ते सांगितलं नाही.

“लिफ्ट असेल,” ती म्हणाली.

लिफ्ट बंद करून पाहिली. मग पंप, दिवे, शेजारच्या विभागातलं मोठं चुंबक. यंत्र बदललं, डब्याबाहेरच्या तारा बदलल्या, मीटर बदलला. रविवारी संस्थेला कुलूप असतं. रविवारीही उंचवटा आला. डब्याच्या तारांशिवाय दुसरं यंत्र शेजारी चालवून पाहिलं, त्यावर काही आलं नाही, म्हणजे यंत्रात काही नव्हतं, जे होतं ते आतच होतं. आणि आत, स्फटिकाच्या दोन्ही टोकांना चिकटलेले तापमापक अढळ बावीस अंश दाखवत होते. ऊब नाही, गारवा नाही, तरी वीज.

“हे होऊ शकत नाही,” मीटरबाई म्हणाली.

“होतंय पण.”

“मग उघड आणि बघ.”

“तीन आठवडे उघडायचं नाही.”

“नियम तुझेच आहेत बाई, तूच पाळ,” असं म्हणून ती चहा आणायला गेली. परत आली तेव्हा तिने दोन्ही कप खाली ठेवले आणि कागदाकडे पुन्हा पाहिलं. ती बाबांबरोबर बारा वर्षं काम करत होती.  मग एकदम म्हणाली, “काकांचा श्वास आहे हा.”

मी मान हलवली. दोघींनी चहा गार होऊ दिला.

पुढच्या गुरुवारपर्यंत माझ्याकडे आठ उंचवटे जमले. आकार एकच होता, उंची नव्हती. पहिला सगळ्यांत उंच, मग रोज थोडा ठेंगणा. मी हिशेब केला. हिशेब न करता मला बसता येत नाही. स्फटिकाला बाहेरून कुणी अंगठा लावला असता तर एवढ्या विजेसाठी तो किती गरम असायला हवा? पहिल्या दिवशीचं उत्तर बत्तीस अंश आलं. माणसाचा अंगठा साधारण तेवढाच असतो. दुसऱ्या दिवशी साडेएकतीस. मग एकतीस. रोज अर्धा अंश कमी. आठव्या दिवशी साडेअठ्ठावीस.

आठ बिंदू कागदावर मांडले आणि पट्टी लावली. सगळे एका रेषेवर. रेषा पुढे ओढली. ती बावीस अंशांना, खोलीच्या तापमानाला, एकविसाव्या दिवशी टेकत होती. येता बुधवार सोडून त्याच्या पुढचा.

अंगठा खोलीएवढा गार होणं म्हणजे काय, हे समजायला भौतिकशास्त्र लागत नाही.

त्या संध्याकाळी घरी गेले तर आई दारातच म्हणाली, “आज जेवले नाहीत. नुसते झोपून आहेत.”

*

पुढचे दिवस मी दोन ठिकाणी मोजमाप करत होते. सकाळी अकरा दहाला डब्यापाशी, संध्याकाळी पलंगापाशी. डब्यातला आकडा उतरत होता. बाबा जास्त झोपू लागले होते. मी आईला काही सांगितलं नाही. डॉक्टरांना दोनदा फोन केला. ते म्हणाले, झोप वाईट नसते. मला ते पटलं नाही, कारण माझ्याकडे रेषा होती आणि त्यांच्याकडे नव्हती.

मंगळवारी साडेबावीस.

“उद्या येऊ नकोस,” मीटरबाई म्हणाली. “मी बघते इकडे. तू घरी थांब.”

“तुला काय वाटतं?”

“मला काही वाटत नाही. तू घरी थांब.”

बुधवारी सकाळपासून मी बाबांच्या पलंगाजवळ बसले. आई भाजी निवडत होती आणि मधून मधून माझ्याकडे बघत होती. “सुट्टी कसली घेतलीस?” असं तिने दोनदा विचारलं. रस्त्यावरून एक हातगाडी गेली. शेजारच्यांचा रेडिओ चालू होता. बाबा डोळे मिटून पडले होते.

अकराला मी त्यांचा उजवा अंगठा माझ्या मुठीत घेतला. गार होता. मी घड्याळ समोर ठेवलं.

अकरा पाच. अकरा आठ. छाती वरखाली होत होती. मी मोजत होते.

अकरा दहा.

काही झालं नाही.

रेडिओ चालूच होता. मी श्वास धरून ठेवला होता, तो सोडला. आणि तेव्हा माझ्या मुठीत तो अंगठा हलला. दाबला गेला. किंचित सैल पडला. पुन्हा दाबला गेला.

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग तोंडाच्या डाव्या कोपऱ्याने, महत्प्रयासाने, ते हसले.

“आई,” मी म्हटलं. माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, तिच्या मांडीवरून सगळी भाजी खाली सांडली.

*

दुसऱ्या दिवशी मीटरबाई बोळातच भेटली. “कसे आहेत?”

“हात हलवला.”

ती भिंतीला टेकली. “मग ऐक. काल रेघ सपाट होती. उंचवटाच नाही. मी म्हटलं संपलं.” मग घड्याळ पाहून म्हणाली, “आता अकरा दहा होतील. चल.”

आम्ही दोघी समोर बसलो. अकरा दहाला पेन हललं, पण उजवीकडे नाही. डावीकडे. थोडंसंच. एक ओळ, श्वास, दुसरी ओळ, सगळं तसंच, फक्त शून्याच्या पलीकडच्या बाजूला.

“खोलीपेक्षा गार,” मी म्हटलं. 

 मीटरबाई टॉर्च घेऊन डब्याच्या काचेशी वाकली होती. खूप वेळ वाकून राहिली.

“काळी तार कुठल्या टोकाला लावतो आपण?”

“अलीकडच्या. अंगठ्याच्या.”

“इथे लाल आहे.”

मी वाकून पाहिलं. लालच होती. जुन्या सूक्ष्मदर्शकात डावं उजवीकडे दिसतं. बाबा त्याखाली काम करताना मनातल्या मनात सगळं फिरवून घेत. मी पहिल्यांदाच एकटीने लावत होते. तारा उलट लागल्या होत्या. आणि पहिल्याच दिवशी कुणी टोकाला अंगठा लावून पाहिला असता, तर पेन चुकीच्या बाजूला गेलं असतं आणि एका क्षणात हे कळलं असतं. एकतीस वर्षं तो रकाना त्याचसाठी होता. मी त्याला घामाचा डाग समजले होते.

मी खाली बसले आणि सगळे आकडे उलटे केले.

पहिल्या दिवशी बत्तीस नव्हे. बावीसच्या वर दहा नव्हे, खाली दहा. बारा अंश. चादरीवर पडलेला, चोळून चोळून आईचे हात गार करणारा हात. मग साडेबारा. तेरा. रोज अर्धा अंश. जो अंगठा विझतोय असं मी समजत होते, तो तीन आठवडे रोज ऊब धरत होता.

मी हसू लागले. मीटरबाईही. कुणी बोळातून गेलं असतं तर आम्हाला वेड लागलं म्हणालं असतं.

“आता तरी उघडणार?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

“तीन आठवडे झाले की.”

“बाबा बरे होईपर्यंत नाही.”

यात शास्त्र नव्हतं, हे मला माहीत होतं. चालत्या गाड्याला खीळ घालू नये एवढंच मला कळत होतं. डबा आम्ही उघडला नाही. फक्त बाहेरच्या बाजूला तारांची टोकं अदलाबदल केली, म्हणजे पेन बरोबर बाजूला जाईल.

*

बाबा बरे झाले. रोज थोडे. तेवीस अंशांना त्यांनी चमचा धरला. पंचविसाला पहिला शब्द आला. तो शब्द ‘मीठ’ होता, आणि आपल्या स्वयंपाकाला नाव ठेवलं म्हणून आई रागावली. अठ्ठाविसाला ते भिंत धरून दारापर्यंत गेले. आईने हात चोळणं थांबवलं. “आता माझ्यापेक्षा गरम आहे,” म्हणाली. बत्तीस अंशांना चढण थांबली. त्यानंतर रोज अकरा दहाला बत्तीस, ना वर, ना खाली. मी आलेखाखाली रेषा मारून ठेवली. मला त्या आलेखाचा अभिमान होता. तो कुठेही छापता येणार नाही हेही माहीत होतं.

दोन महिन्यांनी एका सकाळी काठी टेकत बाबा प्रयोगशाळेत आले. बोळात दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. जिन्याखालचा पहारेकरी म्हणाला, “या अंगठेबहाद्दर.” बाबांनी अंगठा वर करून दाखवला.

मी आदल्याच आठवड्यात एक नवा स्फटिक वाढवला होता. तो टेबलावर, उघड्यावर, तारा लावून तयार ठेवला होता. नोंदवहीही उघडून ठेवली होती, त्या रकान्यावर.

“बाईसाहेब,” बाबा म्हणाले, “घाम चालेल का?”

“चालेल.”

ते स्टुलावर बसले. काठी मांडीला टेकवली. उजवा हात उचलला आणि अंगठा अलीकडच्या टोकाला ठेवला.

पेन हललं नाही.

“तार सुटली असेल,” मीटरबाई म्हणाली आणि आपला अंगठा लावला. पेन लगेच उजवीकडे गेलं. मी लावला. गेलं.

बाबांनी पुन्हा लावला. दाबून. आम्ही तिघंही कागदाकडे बघत होतो. रेघ सरळ चालली होती, शून्यावर, जणू अंगठा खोलीएवढाच गार.

“झोपलाय अजून,” बाबा हसून म्हणाले, आणि हात मांडीवर घेतला. पण ते अंगठ्याकडे बघत राहिले.

मीटरबाईने टेबलावरचा छोटा तापमापक पुढे सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

भिंतीवरचं घड्याळ अकरा दहावर आलं.

खोलीच्या कोपऱ्यात, बंद डब्याला जोडलेलं पेन उजवीकडे निघालं.

बाबांना आम्ही डब्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. त्यांची पाठ डब्याकडे होती. ते खिडकीकडे बघत आपल्याशीच गुणगुणू लागले, बसमध्ये गुणगुणायचे तसं.

“थर चढे थरावर, जसा दीस दिसावरी...”

पेन वर गेलं. थांबलं.

बाबांनी श्वास घेतला. पेन किंचित खाली आलं.

आणि बाबा तिथेच थांबले. कपाळाला आठी घालून, पुढचे शब्द शोधत. “पुढे काय होतं गं?” त्यांनी मला विचारलं.

 त्यांच्या पाठीमागे पेन पुन्हा वर चढलं, दुसऱ्या ओळीभर तिथे राहिलं, आणि सावकाश शून्यावर आलं.

मी बाबांचा हात हातात घेतला. माझ्या हाताला तो ऊबदार लागला. तापमापक टेबलावरच होता, हाताच्या अंतरावर.

मी तो उचलला नाही.